नियम सगळ्यांना, फक्त स्वतःला नाही

मेरी क्यूरी म्हटलं की आपल्याला दोन नोबेल आठवतात. शाळेत सामान्यज्ञानाच्या पेपरला तेवढंच पुरायचं. विज्ञानाच्या दोन वेगवेगळ्या शाखांत नोबेल मिळवणारी एकमेव व्यक्ती, लिहिलं की झाले दोन मार्क. यंदा प्रोजेक्टसाठी लॅबमध्ये उशिरापर्यंत थांबायची वेळ आली. तिथल्या दाराजवळची सुरक्षिततेच्या नियमांची पाटी कोणीच वाचत नाही हे बघितलं आणि मी तिचं चरित्र पुन्हा काढून वाचलं. या वेळी माझं लक्ष नोबेलपेक्षा तिच्या हातांकडे जास्त गेलं.

तिचा जन्म 7 नोव्हेंबर 1867 चा, पोलंडमधल्या वॉर्सा शहरातला. तेव्हा तिथे रशियाचा अंमल होता आणि विद्यापीठाचं दार मुलींना बंद होतं. दोघी बहिणींनी आपसात ठरवलं. मोठीनं पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचं, धाकटीनं लोकांच्या घरी राहून मुलं शिकवायची आणि तिला पैसे पाठवायचे, मग मोठीनं धाकटीला बोलावून घ्यायचं. 1891 मध्ये मेरीचा नंबर लागला. पॅरिसच्या थंडीत माळ्यावरच्या खोलीत, पुष्कळदा अर्धपोटी राहून तिनं 1893 मध्ये भौतिकशास्त्राची पदवी पहिल्या क्रमांकानं मिळवली. पुढच्याच वर्षी गणिताची, दुसऱ्या क्रमांकानं. मेसच्या नावानं रोज खडे फोडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं!

1895 मध्ये तिचं प्येर क्यूरीशी लग्न झालं आणि 1898 मध्ये दोघांनी पोलोनियम आणि रेडियम ही दोन नवी मूलद्रव्यं जाहीर केली. पण जाहीर करणं वेगळं आणि बाटलीत भरून दाखवणं वेगळं. त्यासाठी पिचब्लेंड या खनिजातून युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला चोथा टनांनी आणला गेला. जागा मिळाली ती प्येरच्या कॉलेजमधली एक गळकी शेड, जिथे पूर्वी शवविच्छेदन चालायचं. वाफा बाहेर काढायची सोय नव्हती, म्हणून बरंचसं काम उघड्या अंगणात. एका वेळी वीस-वीस किलो माल उकळत ठेवायचा आणि जवळजवळ स्वतःच्या उंचीच्या लोखंडी दांड्यानं दिवसभर ढवळायचा. 1902 मध्ये एवढ्या सगळ्यातून हाती आलं ते साधारण 0.1 ग्रॅम रेडियम क्लोराइड. रात्री जेवण झाल्यावर दोघं पुन्हा शेडमध्ये जायची आणि अंधारात चमकणाऱ्या नळ्या बघत बसायची. आपली मेहनत अशी उजेड देताना दिसल्यावर कोणाला भीती वाटेल?

आता खरा मुद्दा. धोक्याची कल्पना त्यांना अजिबात नव्हती, असं म्हणता येत नाही. 1901 मध्ये बेकरेल यांनी रेडियमची नळी जाकिटाच्या खिशात ठेवली आणि त्यांची कातडी भाजली. प्येरनं तर मुद्दाम स्वतःच्या दंडावर रेडियम बांधून घेतलं आणि जखमेची रोजच्या रोज नोंद ठेवली. दोघांनी मिळून त्यावर निबंधही छापला. मेरीच्या बोटांची टोकं टणक होऊन दुखायची. दोघंही सतत थकलेली असायची. 1903 च्या नोबेल समारंभाला त्यांना जाता आलं नाही, त्यात प्रकृतीचंही कारण होतं. पण थकवा कामाचा आहे असं धरून चालायचं, झालं. कातडी भाजते हे माहीत होतं, आत हळूहळू काय होतंय ते दिसत नव्हतं.

1906 मध्ये प्येर घोडागाडीखाली सापडून गेला. त्याच्या जागी मेरी शिकवू लागली. 1911 मध्ये दुसरं नोबेल मिळालं. पहिल्या महायुद्धात तिनं एक्स-रे यंत्रं गाड्यांवर चढवून थेट आघाडीजवळ नेली, स्वतः गाडी चालवायला शिकली, मुलगी आयरीनला बरोबर घेतलं. तिथेही आडोसा जवळजवळ नव्हताच.

1925 मध्ये किरणोत्सारी पदार्थांवर काम करणारे दोन फ्रेंच इंजिनिअर थोड्याच दिवसांच्या अंतरानं वारले, आणि मग शिशाचे पडदे आणि नियमित रक्ततपासणी यावर गंभीरपणे बोलणं सुरू झालं. मेरीच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थ्यांना सक्त ताकीद असायची. नळी चिमट्यानं धरा, शिशाच्या आडून काम करा, रक्त तपासून घ्या. मादाम स्वतः मात्र उघड्या हातानं नळ्या उचलायच्या आणि रक्ततपासणीची टाळाटाळ करायच्या! तोपर्यंत मोतीबिंदूमुळे डोळ्यांवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या होत्या.

4 जुलै 1934 ला ती गेली. हाडांच्या मगजात रक्त तयार होणंच थांबलं होतं. आयरीनही 1956 मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेली. 1995 मध्ये मेरीच्या अस्थी पॅरिसच्या पँथेऑनमध्ये हलवताना शवपेटी तपासली, तेव्हा आतला किरणोत्सार अपेक्षेपेक्षा कमी निघाला. तज्ज्ञांचा अंदाज असा की मृत्यूला रेडियमपेक्षा युद्धातले एक्स-रे जास्त कारणीभूत असावेत. म्हणजे जे घातक म्हणून गाजलं त्याहून रोजच्या सवयीचं यंत्र जास्त महागात पडलं असावं. तिच्या वह्या मात्र आजही शिशाच्या पेट्यांत आहेत, कारण रेडियमचा अर्धायुकाल 1600 वर्षांचा.

मला यातून कळलं ते एवढंच. नियम न कळणारा माणूस निदान घाबरून तरी वागतो. ज्याचा हात बसलाय तो चिमटा बाजूला ठेवतो. आपल्या लॅबमध्येही बघा, फर्स्ट इयरची पोरं गॉगल लावून उभी असतात आणि फायनल इयरचे दादा लोक तो कपाळावर चढवून ॲसिड ओततात. रात्री एकटं काम करतात तेही तेच. लगेच काही होत नाही, म्हणून काहीच होत नाही असं वाटतं. ज्युनिअर पाटी वाचत नाहीत, ते सिनियरचे हात वाचतात. मेरीसारखी चिकाटी आपल्याला जमेल की नाही, देव जाणे. पण तिनं पोरांना लावलेला नियम आधी स्वतःला लावणं, एवढं तर आपल्याला सहज जमेल.