पानांतून उडणारे पाणी तोलणारे स्टीफन हेल्स

जंगलावर पडलेल्या पावसापैकी किती पाणी नद्यांना मिळते आणि किती झाडांच्या पानांवाटे पुन्हा हवेत जाते, हा जलनियोजनातील जुना आणि आजही वादाचा प्रश्न आहे. पानांवाटे जाणारे पाणी डोळ्यांना दिसत नाही. तरीही ते मोजता येते, हे साध्या तराजूच्या साह्याने दाखवून देण्याचे श्रेय इंग्रज धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांना जाते.

हेल्स यांचा जन्म १६७७ मध्ये केंट परगण्यात झाला. केंब्रिज येथील शिक्षणानंतर १७०९ मध्ये ते लंडनजवळील टेडिंग्टन येथे धर्मोपदेशक म्हणून रुजू झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. १७१८ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

१७२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी साडेतीन फूट उंचीचे सूर्यफूल कुंडीत घेतले. मातीतून वाफ निसटू नये म्हणून कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने झाकून सांधे बंद केले. पाणी घालण्यासाठी बुचाची नळी ठेवली आणि १५ दिवस सकाळ-संध्याकाळ कुंडीचे वजन केले. शेवटी रोप कापून रिकामी कुंडीही तोलली. कुंडीच्या सच्छिद्र भिंतींतूनच १२ तासांत २ औंस पाणी उडत असल्याचे आढळले. तेवढे त्यांनी हिशेबातून वजा केले.

उरलेला आकडा दिवसाच्या १२ तासांत सरासरी २० औंस, म्हणजे सुमारे ५७० ग्रॅम होता. उष्ण, कोरड्या दिवशी तो ३० औंसांपर्यंत गेला. कोरड्या रात्री जेमतेम ३ औंस राहिला, तर भरपूर दव पडलेल्या रात्री रोपाचे वजन उलट वाढले. पानांचे एकूण क्षेत्रफळ ३९ चौरस फूट भरले. सदाहरित झाडे पानगळीच्या झाडांपेक्षा कमी पाणी सोडतात, हेही त्यांनी नोंदविले. हॉपच्या काही वेलींवरून त्यांनी एक एकर मळ्याचाही अंदाज बांधला. हे सर्व १७२७ मध्ये ‘व्हेजिटेबल स्टॅटिक्स’ या ग्रंथात प्रसिद्ध झाले.

त्यांनी प्राण्यांचा रक्तदाबही मोजला, जहाजे व तुरुंगांत स्वच्छ हवा खेळविणारी यंत्रे तयार केली आणि टेडिंग्टनच्या पाणीपुरवठ्यात लक्ष घातले. १७३९ मध्ये त्यांना कोप्ले पदक मिळाले. ४ जानेवारी १७६१ रोजी त्यांचे निधन झाले.

जंगलातील वृक्ष तराजूत घालता येत नाही. म्हणून आज खोडाला उष्णता देऊन आतील रसाचा वेग मोजतात, त्याला रसवाहक लाकडाच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणतात आणि मोजक्या वृक्षांवरून संपूर्ण जंगलाचा बाष्पोच्छ्वास काढतात. एका झाडामागची लहान चूक तेथे हजारो पटींनी वाढते. त्यामुळे हेल्स यांनी वजा केलेल्या त्या २ औंसांचे मोल अजूनही टिकून आहे.