प्राचार्य गोपाळ गणेश आगरकर : नीतीचे मूळ शोधणारा पुरुष

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखादे चरित्र आम्ही लिहावे अशी संपादक मंडळाची इच्छा समजली, तेव्हा आम्ही गोपाळ गणेश आगरकर यांचे नाव सुचविले. त्यावर काही वडीलधाऱ्यांनी शंका काढली. ज्याने देवाधर्माचे भय मनातून काढून टाकले, त्याचे चरित्र मुलांच्या हाती दिल्यास मुले मर्यादेत कशी राहतील? शंका प्रामाणिक आहे. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. धर्म नसेल तर नीती उरेल काय, हाच प्रश्न आगरकरांनी जन्मभर उरावर घेतला होता.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळील टेंभू या खेड्यात झाला. घरची अत्यंत गरिबी. शिकण्याची हौस दांडगी आणि पोटाची सोय नाही, अशा स्थितीत कऱ्हाडास कधी कचेरीत, तर कधी दवाखान्यात कंपाउंडरचे काम त्यांनी केले, शिक्षणासाठी रत्नागिरीपर्यंत पायपीट केली, तेथेही जमेना. अखेरीस नातलगांच्या आश्रयाने ते वऱ्हाडात अकोल्यास आले आणि १८७५ साली तेथूनच मॅट्रिक झाले. आपल्या विदर्भाच्या मातीचा या थोर पुरुषावर एवढा तरी हक्क आहे, हे येथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते. अकोल्याच्या शाळेतील विद्वान शिक्षक विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी या मुलाचे पाणी ओळखले व त्याला पुढे पुण्यास जाण्यास हात दिला. चांगला शिक्षक भेटणे हेही भाग्यच. आम्ही स्वतः खडू झिजविलेले असल्यामुळे हे वाक्य गाळवत नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अंगात घालण्यास एकच सदरा, तो रात्री धुवावा व सकाळी घालावा, असे दिवस काढून त्यांनी एम. ए. ची पदवी मिळविली. त्या काळी या पदवीच्या मनुष्यास सरकारी अधिकाराची जागा सहज मिळत असे. परंतु त्यांनी आईस पत्र लिहून कळविले की, मोठ्या पगाराची आशा तिने धरू नये. पोटापुरते मिळवून उरलेले आयुष्य लोकांसाठी वेचण्याचा आपला निश्चय झाला आहे. या त्यागामागे स्वर्गप्राप्तीचा लोभ नव्हता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पुढील हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी १८८० साली काढलेल्या न्यू इंग्लिश स्कुलास ते मिळाले. १८८१ साली निघालेल्या केसरीचे ते पहिले संपादक झाले. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध छापलेल्या मजकुरावरून १८८२ साली टिळक व आगरकर या दोघांस डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. या खटल्यात जामिनाची अडचण पडली, तेव्हा जोतीराव फुले यांनी आपल्या स्नेह्याकरवी ती दूर केली. या गोष्टीकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर टिळकांशी मतभेद विकोपास गेल्यावर आगरकरांनी १८८७ साली केसरी सोडला व १८८८ साली सुधारक हे स्वतःचे पत्र काढले. बालविवाह, विधवांचे केशवपन, पुनर्विवाहाची बंदी यांवर त्यांनी सात वर्षे अखंड प्रहार केले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारा केली. आज ऐकवतही नाही इतकी लहान ही सुधारणा, पण तिच्यापायी धर्म बुडाला म्हणून पुण्यात रान उठले. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले.

आता मूळ प्रश्न. ईश्वर आहे की नाही हे मनुष्याच्या बुद्धीस कळण्यासारखे नाही, असे आगरकरांचे मत होते. म्हणून त्यांना नास्तिक म्हणण्यापेक्षा अज्ञेयवादी म्हणणे अधिक यथार्थ होय. मिल्ल व स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा त्यांच्यावर मोठा संस्कार होता. मनुष्ये एकत्र राहू लागली, एकाच्या वागण्याने दुसऱ्यास होणारे सुखदुःख अनुभवास आले, आणि त्या अनुभवातून नीती वाढली, अशी त्यांची विचारसरणी. देवतोत्पत्ती या निबंधात त्यांनी देवतांच्या कल्पनाही मनुष्याच्या भीतीतून व अज्ञानातून कशा निर्माण झाल्या हे दाखविले आहे.

येथे एक खोच आहे, आणि आमच्या मते आगरकरांचे खरे मोठेपण तेथेच आहे. नीती समाजातून आली असे म्हटले, तर समाज म्हणेल ती नीती, असे कोणी सहज म्हणेल. पण लहान मुलीचे लग्न लावणे, विधवेचे केस उतरविणे, या रूढीही समाजानेच निर्माण केलेल्या नव्हत्या काय? आगरकरांनी रूढीला नीतीचे आसन कधीच दिले नाही. या कृत्याने कोणास दुःख होते, ते दुःख देण्यास काही सयुक्तिक कारण आहे काय, एवढीच त्यांची कसोटी. तिच्यापुढे शास्त्राचे वचन टिकत नसे, तसा जातीचा ठरावही टिकत नसे.

जोतीरावांचे पाहा. ते निर्मिक मानीत. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात सर्व सदाचरण त्या एका निर्मात्याच्या नात्याने सांगितले आहे. फसलेल्या विधवांच्या मुलांसाठी त्यांनी १८६३ सालीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. एकाने देव मानला, दुसऱ्याने तो प्रश्न बाजूस ठेवला. आणि विधवेच्या दुःखापाशी दोघेही एकाच ठिकाणी येऊन उभे राहिले. विधवेचे वपन करविणारेही देव मानीतच होते.

आपण एटापल्लीसारख्या ठिकाणी राहतो. भोवतालच्या माडिया गावांत धर्मग्रंथ म्हणून लिहिलेले काही नाही. त्यांचे पेन आहेत, सणवार आहेत. त्यांना धर्म नाही असे म्हणणे अज्ञानाचे ठरेल. परंतु गावाचा निवाडा गोटुलात सर्वांनी बसून बोलून होतो, आणि कोणी कोणत्या मोहाखाली वेचावे ही वहिवाट कागदावाचून पाळली जाते. तेथे धर्म कोठे संपला व एकमेकांची लाज कोठे सुरू झाली, हे सांगणे कठीण. अर्थात जुन्या सगळ्याच चाली चांगल्या, असे तेथेही म्हणता येणार नाही.

आणि आपले काय? जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळास २०१६ साली कायदा करावा लागला. तो २०१७ साली अमलात आला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पती वारल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. सरकारने तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. आगरकर जाऊन तोवर १२७ वर्षे होत आली होती. आपल्या मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात आपल्या विधवा भगिनी अजून मागच्या सतरंजीवर बसतात, आणि वाण त्यांच्यापर्यंत पोचत नाही. हे कोणत्या पोथीत लिहिले आहे, असे आम्ही विचारले असता कोणासही सांगता आले नाही. या वर्षी वाण वाटताना पहिल्या रांगेत त्यांना बसवावे, अशी आमची कार्यकारिणीस लेखी विनंती आहे.

आगरकरांना त्यांच्या मतांची किंमत पुरेपूर मोजावी लागली. पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. घरात यशोदाबाई जुन्या श्रद्धेच्या होत्या. त्यांच्या व्रतवैकल्यांच्या आड मात्र ते आले नाहीत. ज्याने जगाशी भांडण मांडले त्याने घरात सक्ती केली नाही, हे आम्हांस फार विशेष वाटते. १८९२ साली वामन शिवराम आपटे वारल्यावर ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते, तरी शिकविणे आणि लिहिणे थांबले नाही. शेवटच्या आजारात टिळक त्यांना भेटून गेले. पुढे त्यांच्यावरील मृत्युलेख लिहिताना टिळकांना अश्रू आवरेनात, असे सांगतात.

१७ जून १८९५ रोजी, एकोणचाळीस पुरी होण्याच्या आतच, ते गेले. त्यांच्या उशाशी एक लहानशी पुडी निघाली. आपल्या अंत्यविधीच्या खर्चाचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी तीत पैसे बांधून ठेवले होते.