नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी

गुजरातेत स्थायिक झालेल्या आम्हा कतारगामच्या मराठी मंडळींना जामसाहेब दिग्विजयसिंहजी (१८९५–१९६६) यांची ओळख असायलाच हवी. विख्यात क्रिकेटपटू रणजितसिंहजी हे त्यांचे काका. त्यांच्या पश्चात १९३३ मध्ये ते नवानगरच्या गादीवर आले.

१९४२ मध्ये हिटलरने चालवलेल्या ज्यूंच्या कत्तलीच्या बातम्या लंडन-न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत बहुधा आतल्या पानांवर येत. डिसेंबरात दोस्त राष्ट्रांनी निषेध जाहीर केला, पण निर्वासितांसाठी दारे फारशी उघडली नाहीत.

त्याच वर्षी जामसाहेबांनी जामनगरजवळ बालाचडीला समुद्रकाठी छावणी उभारली. सोव्हिएत रशियातील हद्दपारीतून सुटलेली शेकडो पोलिश मुले तिथे राहिली. बहुतेक कॅथलिक, बरीचशी पोरकी. मुले जामसाहेबांना ‘बापू’ म्हणत. १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वस्ती झाली. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली, तेव्हा तिथली उरलेली मुलेही वळिवड्यालाच आली.

आज वॉर्सात जामसाहेबांच्या नावाचा चौक आणि शाळा आहे. बड्या राष्ट्रांनी हात आखडता घेतला, त्या काळात एका संस्थानिकाने आसरा दिला. बालाचडी आणि वळिवडे ही दोन्ही नावे आपण आपल्या मुलांना सांगितली पाहिजेत.