लंडनची गटारगंगा वळवणारा अभियंता

शहराची कीर्ती त्याच्या राजवाड्यांवर, बागांवर आणि बाजारपेठांवर ठरते; त्याचे आरोग्य मात्र जमिनीखालून वाहणाऱ्या मैलापाण्यावर ठरते. नळ सोडला, साखळी ओढली की नागरिकाचा त्या पाण्याशी संबंध संपतो. तेथून पुढे ते पाणी कोणाच्या तरी देखरेखीखाली असते आणि ही देखरेख सूर्यास्तानंतरही थांबत नाही. एका महानगराचे सांडपाणी गोळा करून, उचलून, भरती-ओहोटीच्या तालावर चोवीस तास बाहेर नेण्याची व्यवस्था एकोणिसाव्या शतकात ज्यांनी उभारली, त्यांत सर जोसेफ बाझलजेट यांचे नाव अग्रभागी आहे.

२८ मार्च १८१९ रोजी लंडनच्या उत्तरेकडील एनफिल्ड येथे त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे फ्रेंच. आजोबा फ्रान्समधून इंग्लंडला आले आणि शिंपीकामात त्यांनी मोठी संपत्ती मिळवली. वडील ब्रिटिश नौदलात अधिकारी होते. जोसेफ यांनी मात्र अभियांत्रिकीची वाट धरली. सर जॉन मॅकनील या नामांकित अभियंत्याच्या हाताखाली त्यांनी आयर्लंडमध्ये उमेदवारी केली. पाणथळ जमिनींचा निचरा करणे आणि पाण्याखालची जमीन वापरात आणणे ही कामे त्यांनी तेथे जवळून पाहिली. पाणी उतारावरून कसे वाहते, कोठे तुंबते आणि गाळ कोठे टाकते, याची समज त्यांना याच काळात आली. १८४२ च्या सुमारास त्यांनी लंडनमध्ये स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. ते दिवस रेल्वेच्या वेडाचे होते. कामाचा भार इतका वाढला की १८४७ मध्ये त्यांची प्रकृती पार ढासळली आणि त्यांना शहर सोडून विश्रांती घ्यावी लागली. १८४९ मध्ये ते परतले ते लंडनच्या मलनिस्सारण आयोगाचे साहाय्यक सर्वेक्षक म्हणून.

ज्या शहरात ते परतले ते कॉलऱ्याने पोळलेले होते. १८४८-४९ च्या साथीत लंडनमध्ये चौदा हजारांहून अधिक माणसे दगावली. पूर्वी घरोघरचा मैला तळघरातील खड्ड्यांत साठे आणि रात्रीच्या अंधारात माणसे तो उपसून शेतांकडे नेत. पाण्याच्या शौचकुपांची पद्धत आली, खड्डे बुजवून घरांची गटारे रस्त्याखालच्या गटारांना जोडण्याची सक्ती झाली, आणि तो सारा मैला थेट थेम्स नदीत जाऊ लागला. त्याच नदीतून अनेक पाणी कंपन्या शहराला पाणी पुरवत. घरे स्वच्छ करण्याच्या नादात शहराने स्वतःचे पिण्याचे पाणी नासवले होते. १८५३-५४ च्या साथीने आणखी दहा हजारांवर बळी घेतले. डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा अभ्यास करून रोग पाण्यातून पसरतो हे दाखवले. पण बहुतेक विद्वानांचा विश्वास दुर्गंधीवर होता. घाण वासामुळेच रोग होतो, अशी त्यांची धारणा होती. बाझलजेट यांच्या योजनेची उभारणीही प्रामुख्याने याच समजुतीवर झाली.

१८५२ मध्ये मुख्य अभियंता फ्रँक फॉर्स्टर यांचे निधन झाले आणि त्यांची जागा बाझलजेट यांना मिळाली. १८५६ मध्ये महानगर कार्य मंडळ स्थापन झाल्यावर त्याचे मुख्य अभियंतापदही त्यांच्याकडेच आले. त्यांची कल्पना समजण्यास सोपी होती. जुनी गटारे उत्तर-दक्षिण दिशेने नदीकडे उतरत होती. नदीला समांतर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिन्या बांधायच्या, जुन्या गटारांचे पाणी नदीला मिळण्यापूर्वीच त्यांत अडवायचे आणि ते शहराच्या पूर्वेला दूरवर नेऊन सोडायचे. परंतु मैला नेमका कोठे सोडावा, यावर सरकार आणि मंडळ यांच्यात दोन वर्षे वाद चालला आणि आराखडे पुनःपुन्हा परत आले. १८५८ च्या कडक उन्हाळ्यात थेम्सने हा वाद मिटवला. नदीच्या दुर्गंधीने संसद भवनात बसणे अशक्य झाले. पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. डिझरायली यांनी विधेयक मांडले आणि ऑगस्टच्या प्रारंभी त्याचा कायदा झाला. मंडळाला तीस लाख पौंड उभारण्याची मुभा मिळाली आणि बाझलजेट यांचे हात मोकळे झाले.

पुढील काम अवाढव्य होते. सुमारे १३२ किलोमीटर लांबीच्या मुख्य वाहिन्या विटांनी बांधल्या गेल्या. संपूर्ण योजनेला सुमारे ३१ कोटी ८० लाख विटा लागल्या, असा हिशेब दिला जातो. बऱ्याच वाहिन्यांचा छेद अंड्याच्या आकाराचा, निमुळता भाग खाली असलेला ठेवण्यात आला. पाणी कमी असतानाही त्याची धार वेगवान राहावी आणि गाळ बसू नये, हा त्यामागचा हेतू. मध्यरात्रीनंतर शहर झोपते तेव्हा प्रवाह सर्वांत क्षीण होतो. त्या वेळीही वाहिनीने स्वतःला धुऊन काढले पाहिजे. योजनेत लोकसंख्या साडेचौतीस लाख धरली होती. १८६१ मध्ये शहराची वस्ती सुमारे अठ्ठावीस लाख होती. पोर्टलंड सिमेंट तेव्हा नवे होते. त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर करताना प्रत्येक पुरवठ्याची ताकद तपासून घेण्याची पद्धत त्यांनी व त्यांचे साहाय्यक जॉन ग्रँट यांनी घालून दिली. त्यामुळे या वाहिन्यांचा मोठा भाग आजही वापरात आहे.

पाणी शक्य तेथे उतारानेच न्यायचे, हे त्यांचे धोरण. पण लंडनचा पूर्वभाग सखल आहे. खोल वाहिन्यांतले पाणी वर उचलल्याशिवाय ते नदीत सोडता येत नव्हते. यासाठी डेप्टफर्ड, क्रॉसनेस, ॲबी मिल्स आणि चेल्सी येथे उदंचन केंद्रे उभी राहिली. ४ एप्रिल १८६५ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते क्रॉसनेसचे उद्घाटन झाले. जेम्स वॉट कंपनीने बनवलेल्या चार प्रचंड वाफेच्या इंजिनांना राजघराण्यातील व्यक्तींची नावे दिली होती. रंगीत लोखंडी नक्षीकामामुळे इंजिनघर एखाद्या प्रार्थनामंदिरासारखे भासे.

या केंद्रांचा दिनक्रम घड्याळावर नव्हे, तर चंद्रावर चाले. भरतीच्या वेळी मैला सोडला, तर नदी तो पुन्हा शहराकडे आणून टाकणार. म्हणून तो मोठ्या झाकलेल्या जलाशयांत साठवायचा आणि ओहोटी लागताच दरवाजे उघडून सोडायचा. क्रॉसनेसचा जलाशय साडेसहा एकरांचा होता. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे दरवाजे उघडण्याची घटका कधी भर दुपारी येई, तर कधी मध्यरात्रीनंतर. कोळसा घालणारे, बॉयलर सांभाळणारे, यंत्रे चालवणारे आणि या सर्वांवर नजर ठेवणारे पर्यवेक्षक रात्रपाळीत जागे असत. वाहिनीतली पातळी, वाफेचा दाब आणि नदीचे पाणी या तिन्हींचा मेळ त्यांना घालावा लागे. अचानक मुसळधार पाऊस आला तर हिशेब क्षणात बदले. आडरानातल्या या कामगारांसाठी केंद्रालगत घरेही बांधली गेली. बाझलजेट यांनी कागदावर आखलेली रेषा खऱ्या अर्थाने चालू ठेवली ती या अनामिक हातांनी.

योजनेचे मोल एका दुःखद घटनेने सिद्ध झाले. १८६६ मध्ये लंडनला कॉलऱ्याची पुन्हा साथ आली. पण तिचा कहर मुख्यतः पूर्व भागातच झाला. तेथे पाच हजारांहून अधिक लोक मेले. नेमक्या याच भागातील खोल वाहिनीचे काम अपुरे होते आणि ॲबी मिल्सचे केंद्र सुरू व्हायचे होते. आकडेवारीचे जाणकार विल्यम फार यांनी दूषित पाण्याच्या पुरवठ्याकडे बोट दाखवले. ॲबी मिल्स १८६८ मध्ये सुरू झाले. त्यानंतर लंडनमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली नाही.

जमिनीखालच्या कामापेक्षा लोकांना दिसला तो नदीकाठ. व्हिक्टोरिया, अल्बर्ट आणि चेल्सी हे तीन बांध बाझलजेट यांनी थेम्सच्या पात्राला घातले. १८७० मध्ये खुल्या झालेल्या व्हिक्टोरिया बांधामुळे सुमारे सदतीस एकर जमीन मिळाली. वर प्रशस्त रस्ता व उद्याने, आणि पोटात मलवाहिनी, इतर नळ व भुयारी रेल्वे, अशी ही रचना होती. पुढे त्यांना सर ही पदवी मिळाली.

मात्र या यशाला एक काळी बाजू होती. शहरातली घाण नाहीशी झाली नव्हती. ती खालच्या अंगाला हलली होती. ३ सप्टेंबर १८७८ च्या संध्याकाळी प्रवाशांनी भरलेली प्रिन्सेस ॲलिस ही आगबोट बायवेल कॅसल या कोळशाच्या जहाजावर आदळून बुडाली. सहाशेहून अधिक जीव गेले. ही जागा नेमकी मैला सोडण्याच्या दोन्ही मुखांजवळची होती आणि तासाभरापूर्वीच प्रचंड मैलापाणी नदीत सोडलेले होते. बुडणाऱ्यांना त्या घाणीशी झुंजावे लागले. मैल्यामुळे नदीत गाळाचे थर साचतात, हा आरोप मंडळ आणि बाझलजेट दीर्घकाळ नाकारत राहिले होते. १८८२ मध्ये लॉर्ड ब्रॅमवेल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही आयोगाने दोन वर्षांनी कौल दिला तो त्यांच्या विरुद्ध. कच्चा मैला नदीत सोडणे थांबवावे, घन भाग वेगळा करावा, असे आयोगाने सुचवले.

मैला केवळ वाहून नेण्याऐवजी त्यावर प्रक्रिया करण्याचे युग लंडनमध्ये येथून सुरू झाले. चुना आणि लोहक्षार मिसळून गाळ खाली बसवायचा, वरचे पाणी नदीत सोडायचे आणि गाळ जहाजाने समुद्रात टाकायचा, अशी पद्धत आली. १८८७ मध्ये या कामी आलेल्या पहिल्या जहाजाला बाझलजेट हेच नाव देण्यात आले. समुद्रात गाळ टाकण्याची प्रथा १९९८ पर्यंत चालली. जिवाणूंकडून मैला शुद्ध करून घेण्याची सक्रिय गाळाची पद्धत मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये जाहीर केली. त्या संशोधनाला प्रेरणा देणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.

१८८९ मध्ये महानगर कार्य मंडळ बरखास्त झाले आणि बाझलजेट निवृत्त झाले. १५ मार्च १८९१ रोजी विंबल्डन येथे त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने आठ हजारांहून अधिक बळी घेतले. त्याच्याशी रोज जहाजांची ये-जा असलेले लंडन मात्र सुरक्षित राहिले. कॉलऱ्याचा जिवाणू रॉबर्ट कॉक यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कलकत्ता येथे ओळखला होता. दुर्गंधी हटवण्यासाठी बांधलेल्या वाहिन्यांनी प्रत्यक्षात पाण्यातला रोग हटवला होता.

अतिवृष्टीच्या वेळी जादा पाणी नदीत सोडण्याची सोय त्यांच्या आराखड्यातच होती. शहर वाढले तशी ती सोयच अडचण ठरली. त्यावर उपाय म्हणून थेम्सखाली पंचवीस किलोमीटरचा नवा बोगदा खोदण्यात आला आणि २०२५ मध्ये तो पूर्णपणे जोडला गेला. मुंबईकरांनाही हा पेच परका नाही. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की समुद्राकडची दारे मिटावी लागतात आणि सारी भिस्त पंपांवर व ते चालवणाऱ्यांवर येते, हे २६ जुलै २००५ नंतर शहराला नव्याने उमगले. शहर निजलेले असताना पाण्याच्या पातळीवर डोळा ठेवून बसणाऱ्या रात्रपाळीच्या माणसांचे काम बाझलजेट यांच्या काळी जितके अदृश्य होते, तितकेच ते आजही आहे. थेम्सच्या काठावर, व्हिक्टोरिया बांधावर, बाझलजेट यांचे छोटेसे स्मारक आहे. त्यांचे मोठे स्मारक त्या रस्त्याच्या खालून रात्रंदिवस वाहत असते.