संत लुई मार्टिन : आलांसोंचे घड्याळजी

संत तेरेझा म्हणजे आपली ‘लिटल फ्लॉवर’. हातात क्रूस आणि गुलाबाची फुले घेतलेले तिचे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. तिच्या नावाने नोव्हेना होतात, मुलींची नावे ठेवली जातात. पण तिच्या वडिलांविषयी आपल्याला फारशी माहिती नसते. ते धर्मगुरू नव्हते, मठवासी नव्हते. ते दुकानदार होते. घड्याळे दुरुस्त करणे आणि विकणे हा त्यांचा धंदा. आज ख्रिस्तसभा त्यांना संत म्हणून मान देते. त्यांच्या पत्नीसह दोघांचा सण १२ जुलै रोजी येतो.

लुई मार्टिन यांचा जन्म २२ ऑगस्ट १८२३ रोजी फ्रान्समधील बोर्डो येथे झाला. वडील सैन्यात कॅप्टन होते. निवृत्तीनंतर ते नॉर्मंडी प्रांतातील आलांसों या गावी येऊन स्थायिक झाले. लुईंना सैन्यात जायचे नव्हते. त्यांनी रेन, स्ट्रासबर्ग अशा शहरांत राहून घड्याळाचे काम शिकून घेतले. चाके, स्प्रिंगा, भिंग आणि तासन्‌तास मान खाली घालून बसणे. शांत स्वभावाच्या या तरुणाला ते मानवले.

वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यांना संन्यस्त जीवनाची ओढ लागली. आल्प्स पर्वतात, सुमारे २,४७० मीटर उंचीवर, ग्रेट सेंट बर्नार्ड हा मठ आहे. बर्फात अडकलेल्या वाटसरूंची सुटका करण्यासाठी तेथील संन्यासी प्रसिद्ध होते. लुई तेथे गेले. पण लॅटिन येत नाही म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. घरी येऊन त्यांनी शिकवणी लावली, पुस्तके घेतली, मन लावून अभ्यास केला. मध्येच आजारी पडले आणि लॅटिन सुटले ते सुटलेच. पुढे पॅरिसमध्ये धंद्यातील उरलेले धडे गिरवून ते परतले आणि १८५० साली आलांसोंच्या पाँ-नफ रस्त्यावर त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. पुढे घड्याळांबरोबर दागिनेही विकायला ठेवले.

या दुकानाची एक गोष्ट गावभर माहीत होती. रविवारी ते बंद असे. आज आपल्याला त्यात विशेष वाटणार नाही, पण त्या काळी खेड्यापाड्यांतले लोक रविवारी शहरात येत, मिस्सा ऐकत आणि मग खरेदी करत. सोन्याचांदीच्या दुकानाला तर तोच कमाईचा दिवस. शेजारचे दुकानदार उघडे ठेवत. मित्रांनी समजावले, पुढचे दार बंद ठेवा, बाजूच्या दाराने गिऱ्हाईक आत घ्या, कोणाचे काय बिघडते? लुईंनी ऐकले नाही. गिऱ्हाइके गेली तर जाऊ देत. ज्यांनी कधी गाळा चालवला आहे, त्यांना यातला तोटा वेगळा सांगायला नको.

लग्नाचा विचार मात्र ते करत नव्हते. पस्तिशीला आलेल्या मुलाची काळजी आईला लागली होती. त्याच गावात झेली गेरँ नावाची मुलगी लेसचा व्यवसाय करत होती. तिलाही आधी धर्मभगिनी व्हायचे होते आणि तिलाही नकार मिळाला होता. सेंट लिओनार्ड पुलावर दोघांची पहिली भेट झाली असे सांगतात. १३ जुलै १८५८ रोजी, मध्यरात्री, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नोत्र दाम चर्चमध्ये त्यांचा विवाह झाला.

आलांसोंची लेस साधी नव्हे. ती सुईने, धाग्यावर धागा घालत विणतात. चौरस सेंटिमीटरभर लेस तयार व्हायला सुमारे सात तास लागतात. २०१० साली युनेस्कोने या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. झेली गावातील बायकांना घरी काम नेऊन देत. त्या तुकडे करून आणत आणि झेली ते अशा सफाईने जोडत की जोड दिसू नये. धंदा इतका वाढला की १८७० साली लुईंनी आपले घड्याळाचे दुकान भाच्याच्या हाती सोपवले आणि ते पत्नीच्या व्यवसायात आले. हिशेब ठेवणे, पॅरिसला जाऊन माल विकणे, ऑर्डरी आणणे ही कामे त्यांनी उचलली. एकोणिसाव्या शतकात पतीने पत्नीच्या धंद्यात येऊन तिला हातभार लावावा, हे किती जणांना पचले असेल? लेस करणाऱ्या बायकांचे पैसे मात्र वेळच्या वेळी चुकते केले जात. उधारी त्यांना आवडत नसे.

त्यांना नऊ मुले झाली. दोन मुलगे तान्हेपणीच गेले. १८७० साली पाच वर्षांची हेलेन आणि एक तान्ही मुलगी, अशा दोघी एकाच वर्षी गेल्या. मरी, पोलीन, लिओनी, सेलीन आणि शेंडेफळ तेरेझा अशा पाच मुली राहिल्या. तेरेझाला ते आपली छोटी राणी म्हणत आणि ती त्यांना आपला राजा म्हणे.

लुई सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद होते. रात्रीच्या पवित्र साक्रामेंताच्या आराधनेला ते नेमाने जात. पण त्यांची सेवा संस्थेपुरती नव्हती. एकदा आलांसोंच्या रेल्वे स्टेशनवर फेफऱ्याचा आजार असलेला एक उपाशी माणूस त्यांना दिसला. त्याच्याकडे घरी जायला तिकिटाचे पैसे नव्हते. लुईंनी डोक्यावरची हॅट काढली, प्रथम स्वतःचे पैसे तिच्यात टाकले आणि मग प्रवाशांपुढे हॅट धरून फिरले. गावातला प्रतिष्ठित सराफ स्टेशनवर भीक मागतो आहे! दुसऱ्या वेळी एका निराधार म्हाताऱ्यासाठी त्यांनी खटपट करून असाध्य रुग्णांच्या आश्रमात जागा मिळवून दिली. मासेमारीचा त्यांना छंद होता आणि गळाला लागलेले मासे बरेचदा क्लारा मठातील भगिनींकडे जात.

२८ ऑगस्ट १८७७ रोजी झेली स्तनाच्या कर्करोगाने वारल्या. त्या ४५ वर्षांच्या होत्या. तेरेझा अवघी साडेचार वर्षांची. लुईंचे मित्र, घर, बाग, आईवडिलांच्या आठवणी सगळे आलांसोंमध्ये होते. पण मुलींना मामा-मामीचा आधार मिळावा म्हणून त्यांनी ते सर्व सोडले आणि नोव्हेंबरमध्ये लिझ्यू येथे बिऱ्हाड हलवले. तेथील घराचे नाव ब्विसोने. दर सोमवारी सकाळी त्या घराच्या दारात गरीब लोक येत आणि दान द्यायला लहानग्या तेरेझाला पुढे केले जाई.

मग एकेक मुलगी मठात जाऊ लागली. १८८२ मध्ये पोलीन, १८८६ मध्ये मरी. १८८७ च्या पेंटेकॉस्टच्या दिवशी चौदा वर्षांच्या तेरेझाने बागेत वडिलांकडे परवानगी मागितली. त्याच महिन्याच्या सुरुवातीला त्यांना अर्धांगवायूचा पहिला झटका येऊन गेला होता. ते रडले, पण नाही म्हणाले नाहीत. भिंतीवरचे एक लहानसे पांढरे फूल त्यांनी मुळासकट उपटून तिच्या हातात दिले. तिने ते जपून ठेवले. त्याच वर्षी ते तिला रोमला घेऊन गेले आणि २० नोव्हेंबर रोजी तिने पोप लिओ तेरावे यांच्यापुढे आपली विनंती मांडली. ९ एप्रिल १८८८ रोजी ती कार्मेल मठात दाखल झाली.

यापुढचा भाग बहुतेक छोट्या चरित्रांत दोन ओळींत आटोपतात. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १८८८ च्या जून महिन्यात लुई कोणालाही न सांगता घरातून निघून गेले. चार दिवस मुलींचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी ते ल हाव्र बंदरात सापडले. विस्मरण, भ्रम, भास वाढत गेले. आज डॉक्टर म्हणतील की मेंदूच्या रक्तवाहिन्या कठीण झाल्या होत्या. तेव्हा लोक एकच शब्द वापरत : वेड. १२ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांना काँ येथील बों सोव्हर मनोरुग्णालयात ठेवावे लागले. गावात कुजबुज सुरू झाली. लाडकी लेक मठात गेली म्हणून बापाच्या डोक्यावर परिणाम झाला, असे लोक बोलत. ते मठाच्या भिंतीआड तेरेझाच्या कानांपर्यंत पोहोचत होते.

लुई तेथे तीन वर्षांहून अधिक काळ राहिले. त्यांना सर्वच काही कळत नव्हते असे नाही. मालमत्तेचा कारभार सोडून देण्याच्या कागदावर सही घेतली गेली तेव्हा ते ढसढसा रडले. शुद्धीत असताना ते रुग्णालयाच्या चॅपेलमध्ये जात, मिळालेला खाऊ इतर रुग्णांना वाटत. आयुष्यभर मान मिळाला, अपमान सोसायचा राहिला होता, अशा अर्थाचे ते एका डॉक्टरांशी बोलले. सेलीन आणि लिओनी काही महिने त्याच गावात खोली घेऊन राहिल्या. मठातील मुलींना मात्र भेटता येत नव्हते.

१० मे १८९२ रोजी त्यांना घरी आणले. पाय लुळे पडले होते, आता पळून जाण्याची भीती नव्हती. दोन दिवसांनी त्यांना कार्मेल मठात नेण्यात आले. मुलींशी ती शेवटची भेट. निघताना त्यांनी बोट वर केले आणि स्वर्गात भेटू असे कसेबसे सुचवले. पुढची दोन वर्षे सेलीनने त्यांना लहान मुलासारखे जपले. एव्र शहराजवळच्या ला म्यूस येथे, २९ जुलै १८९४ रोजी सकाळी, तिच्या समोरच त्यांनी प्राण सोडला. तो रविवार होता.

काही आठवड्यांतच सेलीनही कार्मेलमध्ये गेली. लिओनीला अनेकदा मठ सोडून परत यावे लागले होते. १८९९ साली ती काँ येथील व्हिजिटेशन मठात कायमची राहिली. १९ ऑक्टोबर २००८ रोजी लिझ्यू येथे लुई आणि झेली यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये त्यांना संतपद दिले. ख्रिस्तसभेच्या इतिहासात पती-पत्नींना एकत्र संतपद मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. दोन्ही दिवस मिशन संडेचे होते, आणि आलांसोंच्या त्या दुकानाच्या हिशेबाने सुट्टीचे.