राणीची गुप्त पत्रं मधल्यामध्ये वाचणारा वॉल्सिंगहॅम

मोबाईल ॲप टेस्ट करणारी पोरं फोन आणि सर्व्हरच्या मध्ये प्रॉक्सी बसवतात. फोनमध्ये प्रॉक्सीचं सर्टिफिकेट टाकलं की ॲपला वाटतं, आपण थेट सर्व्हरशीच बोलतोय. प्रॉक्सी कुलूपबंद डेटा उघडते, नोंदवते, परत कुलूप लावून पुढे पाठवते. फोन आपलाच असतो, म्हणून हे रीतसर टेस्टिंग.

पण हाच खेळ १५८६ मध्ये बिअरच्या पिंपावर झाला आणि त्यात एका राणीचं मुंडकं उडालं. तो खेळवणारा माणूस म्हणजे सर फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम.

जन्म १५३२ च्या आसपास, इंग्लंडमध्ये. पक्का प्रोटेस्टंट. कॅथलिक मेरी ट्यूडर गादीवर आली तेव्हा तो देश सोडून गेला, एलिझाबेथ आल्यावर परतला. १५७२ मध्ये तो पॅरिसला राजदूत असताना शहरात प्रोटेस्टंटांची कत्तल झाली. ती धास्ती त्याच्या मनातून कधीच गेली नाही. पुढच्याच वर्षी तो एलिझाबेथचा सचिव झाला आणि युरोपभर हेर पेरले.

त्याची नजर होती स्कॉटलंडच्या मेरी स्टुअर्टवर. ती इंग्लंडमध्ये कैदेत होती, पत्रव्यवहार बंद पडलेला. अशात गिल्बर्ट गिफर्डने वाट काढली: पत्रं बिअरच्या पिंपातून आत-बाहेर जातील. मेरी खूश. गिफर्ड वॉल्सिंगहॅमचाच माणूस, हे तिला कुठे माहीत?

प्रत्येक पत्र आधी थॉमस फेलिप्सकडे जायचं. तो सांकेतिक लिपी उलगडून नक्कल काढायचा. आर्थर ग्रेगरी सील असं परत बसवायचा की संशयच येऊ नये. लिपी कच्ची होतीच, पण खरा घात केला वाटेवरच्या विश्वासाने. सुरक्षित आहोत असं वाटल्यामुळेच मेरी मोकळेपणाने लिहीत गेली. आज बँकांची कित्येक ॲप्स ठरलेलं सर्टिफिकेट सोडून दुसरं स्वीकारतच नाहीत, ती याच भीतीने. मेरीकडे ओळख पटवायला होतं फक्त सील.

अँथनी बॅबिंग्टनने एलिझाबेथच्या खुनाचा बेत कळवला, मेरीने होकारार्थी उत्तर धाडलं. फेलिप्सने त्याखाली मेरीच्या नावाने बनावट ताजा कलम जोडलं: मारेकऱ्यांची नावं कळवा. म्हणजे मधला माणूस नुसता वाचत नाही, मजकूर बदलूही शकतो!

बॅबिंग्टन फासावर गेला. ८ फेब्रुवारी १५८७ ला मेरीचा शिरच्छेद झाला.

हेरांवर वॉल्सिंगहॅमने स्वतःचाही पैसा ओतला होता. १५९० मध्ये तो कर्जातच वारला. लंडनच्या सेंट पॉल चर्चमध्ये त्याला रात्रीच, गाजावाजा न करता पुरलं.