सागरावर शिकलेली भाषा

मातृभाषा मनुष्याला आईच्या मांडीवर मिळते. परकी भाषा मात्र श्रमाने मिळवावी लागते. वयाच्या विसाव्या वर्षी ज्याला इंग्रजी जेमतेम चार शब्दांपलीकडे येत नव्हती, तो एक पोलिश खलाशी पुढे त्याच भाषेतील थोर कादंबरीकारांच्या पंक्तीस जाऊन बसला. जोसेफ कॉनरॅड हे त्याचे नाव.

३ डिसेंबर १८५७ रोजी बेर्दिचेव्ह या गावी त्याचा जन्म झाला. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे. त्या काळी पोलंड हा देश नकाशावरून पुसला गेला होता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो आपसांत वाटून घेतला होता. वडील आपोलो कोझेन्योव्हस्की हे कवी, भाषांतरकार आणि कट्टर देशभक्त होते. रशियन सरकारने १८६१ मध्ये त्यांना अटक केली आणि पुढच्या वर्षी सहकुटुंब उत्तर रशियातील वोलोग्दा येथे हद्दपार केले. हद्दपारीतील हालअपेष्टांनी मातेची प्रकृती ढासळली आणि १८६५ मध्ये क्षयाने तिचा अंत झाला. त्यानंतर दुःखी पिता शेक्सपिअर आणि ह्यूगो यांच्या कृती पोलिश भाषेत उतरवीत बसे आणि एकाकी मुलगा शेजारी ती पाने वाचीत राही. १८६९ मध्ये पित्याचेही छत्र हरपले. अकरा वर्षांच्या त्या पोरक्या मुलाचा भार मामा तादेउश बोब्रोव्हस्की यांनी उचलला.

मुलाला ओढ होती समुद्राची. १८७४ मध्ये, सतरावे वर्ष सरण्यापूर्वीच, त्याने फ्रान्समधील मार्सेय बंदर गाठले. फ्रेंच भाषा त्याला लहानपणापासून येत होती, त्यामुळे तेथे अडचण पडली नाही. पुढे तो एका इंग्रज आगबोटीवर चढला आणि १० जून १८७८ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लोस्टॉफ्ट बंदरात उतरला. तेथे त्याच्या ओळखीचे कोणी नव्हते, आणि भाषाही परकी होती.

त्या उन्हाळ्यात त्याने न्यूकॅसलहून कोळसा आणणाऱ्या एका लहान शिडाच्या जहाजावर चाकरी धरली. तेच त्याचे इंग्रजीचे विद्यालय झाले. किनाऱ्यावरचे साधेसुधे, धिप्पाड खलाशी हे त्याचे गुरू आणि वर्तमानपत्र हे त्याचे क्रमिक पुस्तक!

हे शिक्षण सोपे नव्हते. पोलिश भाषेत, आपल्या मराठीप्रमाणेच, नामामागे 'अ' आणि 'द' लावण्याची रीत नाही. ती कोठे लावावीत हे उमजण्यास दीर्घ सहवास लागतो. त्याहून बिकट वाट क्रियापदांच्या वाक्प्रचारांची. 'पुट' म्हणजे ठेवणे हे कोशात सापडते. परंतु 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे, 'पुट आउट' म्हणजे विझविणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे! 'टेक इन' म्हणजे जहाजावर शीड गुंडाळून घेणे, घरी एखाद्याला आश्रय देणे आणि बाजारात एखाद्याला फसविणे. 'फास्ट' म्हणजे जलद असे घोकलेल्या नवशिक्याला 'मेक फास्ट' ही आज्ञा मिळाली, तर त्याने घाई करावयाची नसते. दोर घट्ट बांधावयाचा असतो.

पोलिश क्रियापदांचा अर्थही असाच पालटतो. मात्र तेथे उपसर्ग आधी येऊन धातूला चिकटतो. 'पिसाच' म्हणजे लिहिणे, तर 'पोदपिसाच' म्हणजे सही करणे. आपल्याकडे 'हार' या शब्दापासून प्रहार, संहार, विहार होतात, तशातलाच हा प्रकार. इंग्रजीत तो लहानसा शब्द मागून येतो आणि कधी कधी क्रियापदापासून दूर जाऊन बसतो. अर्थात यात इंग्रजांनाच दोष का द्यावा? आपल्याला भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, वेळ लागतो आणि मूल रडू लागते. परक्या माणसाने या 'लागण्या'चा थांग कसा लावावा? असे शब्द नुसत्या पाठांतराने वश होत नाहीत. ते कामाच्या ओघात, माणसांच्या तोंडून कानी पडावे लागतात. जहाजावर आज्ञेचा अर्थ कळला नाही तर दोर निसटतो आणि जीवावर बेतते. तेथे भाषा शिकल्यावाचून गत्यंतर नसते.

कॉनरॅड यांनी वाचनाचीही हेळसांड केली नाही. त्यांचे जहाज फाल्मथ येथे दुरुस्तीला अडकले असता त्यांनी पाच शिलिंगांना मिळणारा शेक्सपिअरचा एकखंडी ग्रंथ वाचला, तोही फळ्यांच्या फटी बुजविणाऱ्या हातोड्यांच्या ठोक्यांत! १८८० मध्ये ते दुय्यम अधिकाऱ्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढील दोन्ही परीक्षांत प्रथम त्यांना अपयश आले; परंतु खचून न जाता १८८४ मध्ये ते पहिल्या अधिकाऱ्याची आणि १८८६ मध्ये कप्तानाची परीक्षा उत्तीर्ण झाले. १८८४ मध्येच ते आपल्या मुंबई बंदरात आले होते. येथेच 'नार्सिसस' जहाजावर त्यांनी नोकरी धरली आणि डंकर्कपर्यंत प्रवास केला. या जहाजावर त्यांनी पुढे लिहिलेल्या कादंबरीचा आरंभ मुंबई बंदरातच होतो.

१८८९ मध्ये त्यांनी पहिली कादंबरी लिहावयास घेतली. तिचे हस्तलिखित देशोदेशी त्यांच्याबरोबर फिरले आणि 'ऑलमेयर्स फॉली' या नावाने ती १८९५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यामागून १९०० मध्ये 'लॉर्ड जिम' आणि १९०४ मध्ये 'नोस्ट्रोमो' या कादंबऱ्या आल्या. लेखन त्यांना कधीच सुलभ झाले नाही. एकेका वाक्यासाठी ते झुंजत, आणि प्रारंभीच्या काळात एडवर्ड गार्नेट या मित्राला हस्तलिखिते दाखवून त्याचा सल्ला घेत.

या यशाला एक वेदनेची किनार होती. देश पारतंत्र्यात असताना परभाषेला वाहून घेणे हा द्रोह होय, असा ठपका १८९९ मध्ये पोलिश लेखिका एलिझा ओझेश्कोव्हा यांनी त्यांच्यावर ठेवला. तो घाव त्यांच्या जिव्हारी लागला. परंतु मातृभाषा त्यांनी टाकली नव्हती. १९१४ मध्ये पत्नी व मुलांसह ते क्राकूवला गेले, तेव्हाही ते उत्तम पोलिश बोलत. उलट इंग्रजी बोलताना त्यांच्या उच्चारातील पोलिश ढब अखेरपर्यंत गेली नाही. १९२३ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांनी आपल्या कादंबरीतील काही भाग वाचून दाखविला, तेव्हा काही शब्द श्रोत्यांना नीट कळेनात. तरीही श्रोते गहिवरले.

३ ऑगस्ट १९२४ रोजी इंग्लंडमधील बिशप्सबोर्न येथे कॉनरॅड यांचे निधन झाले. कँटरबरी येथील त्यांच्या समाधीच्या शिळेवर त्यांचे पोलिश नाव कोरताना कारागिराच्या हातून चूक राहिली. परक्या शब्दांशी जन्मभर झुंजलेल्या या माणसाचे नाव परक्यांनाही नीट साधले नाही! म्हणून परकी भाषा बोलताना आपली चूक झाली तर ओशाळू नये, आणि दुसऱ्याची झाली तर हसू नये. चूक सुधारून पुढचे वाक्य बोलावे. कॉनरॅड यांनी जन्मभर तेच केले.